दहा वर्षांची बटणं

“खुर्ची मालकाची, चहा मालकाचा, आणि भाव सांगणारी बाईसुद्धा मालकानंच आणायची?” पॉलिशवाली मुकादमाच्या कानाशी पुटपुटली. “मग आपण काय टाळ्या वाजवायला आलोय?”

“हळू,” मुकादम म्हणाला. “ऐकू जाईल.”

“जाऊ दे की.”

बटणांच्या कारखान्याचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. टेबलाच्या त्या बाजूला मालक, वकील आणि मूल्यांकन करणाऱ्या बाई. या बाजूला हे दोघं, एक्केचाळीस कामगारांच्या वतीने. मालकाला कारखाना काढून टाकायचा होता. त्याचे सगळे शेअर कामगारांनी मिळून घ्यायचे आणि कारखाना आपणच चालवायचा, असं ठरत आलं होतं. आज सह्या झाल्या नाहीत, तर उद्या जागा गोदामवाल्याला जाणार होती. त्याला बटणांशी काही देणंघेणं नव्हतं.

घोडं अडलं होतं भावापाशी. मुकादमाने आपला मेहुणा सुचवला होता, हिशेबाला पक्का. वकिलांनी मान हलवली होती. “नात्यातला माणूस चालत नाही. उद्या कुणी बोट दाखवलं की अहवाल रद्दीत.” मग मालकानेच या बाईंचं नाव पुढे केलं. मुकादम त्यांना एकदा भेटून आला आणि नुसतं “चालतील” म्हणाला. भीड भिकेची बहीण, असं पॉलिशवालीची आई म्हणायची. पण ही इथे लागून सहा वर्षं झालेली, आणि मुकादमाची तीस. जुन्या माणसापुढे किती बोलणार?

मुकादमाने सगळ्यांपुढे कप ठेवले. बाईंपुढचा कप बिनसाखरेचा होता. त्यांनी काही सांगितलं नव्हतं, पण प्यायल्या बिचाऱ्या निमूट.

“गेल्या वर्षी शेअरमागे पाच रुपये नफा,” मालक म्हणाला. “त्याची दहापट धरा. पन्नास. सोपा हिशेब आहे, मॅडम.”

बाईंनी वर पाहिलं नाही. “गेल्या वर्षी गणवेशांची ती मोठी ऑर्डर होती. तशी दरवर्षी येत नाही. एका वर्षावर भाव ठरवता येणार नाही. मी दहा वर्षांचा नफा घेतलाय.”

“दहा वर्षांपूर्वीचा नफा तो केवढासा!”

“म्हणून तर प्रत्येक वर्षाचा आकडा आजच्या महागाईला आणून ठेवला. मग सरासरी काढली. त्यात चांगली वर्षं आली, आगीचं वर्षही आलं.”

आग पॉलिशवालीच्या आधीची. ताळेबंदात त्या वर्षापुढे नुसता ‘तोटा’ होता, हे तिने स्वतः पाहिलं होतं. बाई चौकशी करून आल्यात, तिच्या मनात आलं. पहिल्यांदाच तिला जरा बरं वाटलं.

“म्हणजे तेवढ्याच पैशात तेव्हा दोन पिशव्या भरायच्या आणि आता एक भरते, तसंच ना?” तिने विचारलं.

“अगदी तसंच.” बाई हसल्या आणि लगेच हसू गिळून टाकलं. “सरासरी शेअरमागे तीन येते. भाव तीस.”

पन्नासने एक्केचाळीस जणांचा फंड संपून वर कर्ज झालं असतं. तिसाने फंड पुरत होता, साच्यांच्या दुरुस्तीपुरतं उरतही होतं. पॉलिशवालीने टेबलाखाली मुकादमाचा गुडघा दाबला. मुकादम काही खुलला नाही.

“मॅडम,” मालक पुढे सरकत म्हणाला, “तुम्हाला माझी परिस्थिती माहीत आहे.”

“आहे.”

“माझं पुढे कसं व्हायचं, त्याचा विचार केलात?”

“तो केला असता, तर आकडा खोटा आला असता.”

खोलीत एकदम ओशाळवाणं झालं. मालक कपाळ पुसत बसला. बाईंची मान खाली ती खालीच. मुकादम स्वतःची नखं बघत होता, जन्मात पहिल्यांदा बघावीत तशी. मालकाला लाज वाटावी हे ठीक, पण बाईंना कशाची? पॉलिशवालीला कळेना. मग तिला स्वतःचीच शरम वाटली. ज्या बाईने आपला संसार वाचवला, तिच्याविषयी आपण मघाशी काय बोललो!

ती पुढे वाकली. “बाई, राग मानू नका. मला वाटलं होतं, मालकानं आणलेलं माणूस मालकाचंच असणार.”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मुकादमाला ठसका लागला.

“आकडे तपासून घ्या,” बाई कशाबशा म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाकडूनही तपासा. आकडे खरे आहेत.”

“तुमच्यावर विश्वास आहे आमचा,” पॉलिशवाली म्हणाली, आणि तिने सही ठोकली. पाठोपाठ मुकादमाची झाली.

वकिलांनी कागद मालकाकडे सरकवले. “नियमाप्रमाणे विचारतो. अहवालावर कुणाची हरकत?”

मालकाने पेन उचललं, पुन्हा ठेवलं. “तिसात माझं कर्जसुद्धा फिटत नाही,” तो कुणाकडेच न बघता म्हणाला.

“ती हरकत होत नाही,” वकील म्हणाले.

“नको,” बाई अगदी हळू म्हणाल्या. वकिलांना नव्हे, मालकाला. “या माणसांकडे बघ आणि सही कर.”

पॉलिशवालीने चमकून मुकादमाकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

“अहवाल रद्दीत टाका, वकीलसाहेब,” मालक म्हणाला. “ही माझ्या पाठची बहीण आहे.”