ओल्या गादीचं प्रकरण

शाळकरी भिंगरीच्या खोड्यांची सात पुस्तकं लिहिणारी लेखिका लेकीच्याच शाळेत वाचनाला आली होती. "ओल्या गादीचं प्रकरण वाचा!" पोरांनी एकच गिल्ला केला. तिने वाचनालयाची प्रत उघडली, तर तीच पानं गोंदाने गच्च चिकटवलेली. ग्रंथपालबाई कानाशी कुजबुजल्या, "पाचही प्रतींची हीच गत. कार्टं सापडू दे, खरडपट्टीच काढते." लेखिकेचं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं. लेक मान खाली घालून बोटांवरचा वाळका गोंद सोलत होती. खरी गादी लेकीनेच ओली केली होती. "कुणाला सांगू नकोस हं, आई," ती काकुळतीने म्हणाली होती. आईने ते पुस्तकात घालून गावभर केलं. आता लेखिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुमची प्रत असेल ना जवळ?" बाईंनी सुचवलं. तिने पर्समधून काढली, ते प्रकरण उघडलं आणि हळूच विचारलं, "जरा गोंद देता?"