राजाचा केक

"सांग ना गं त्यांना, दोन पाव द्या म्हणून," नेस्तानने तेक्लेला पुढे ढकललं.

तेक्लेने बुटांकडे पाहिलं. बेकरीवाली हसून थांबली, मागची रांगही थांबली. शेवटी नेस्ताननेच दोन बोटं वर केली, पाव घेतले आणि बाहेर येऊन सगळा राग दारावर काढला.

"बाकीची पोरं चार महिन्यांत पोपटासारखी फ्रेंच बोलतात म्हणे. आणि तू?"

"मला नाही येत."

"बरं, चल आई, गार वारा सुटलाय," नेस्तान नरमली. त्यांच्या मुलखात, कुताइसीकडे, आया लाडात आल्या की पोरांनाच 'आई' म्हणतात. परमुलखात येऊनही ती सवय काही सुटत नाही.

सँ-नाझेर या फ्रेंच बंदराच्या गोदीत तिचा नवरा झाझा जहाजांचं जोडकाम करायचा. काम कष्टाचं, पण माणूस खूश होता. त्या संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढलाच.

"सोमवारी मुकादमाला उत्तर द्यायचंय. अजून तीन वर्षं राहतो की नाही ते. पोर शाळेत रुळली असेल तर राहू. नसेल रुळली तर सरळ सामान बांधू. तिच्या जिवापेक्षा जहाज मोठं नाही."

"बघू," नेस्तान म्हणाली.

"आणि तुझं काय?"

"माझं काय घेऊन बसलास? मला कुठेही चालतं."

तेक्ले नेहमीसारखी टेबलाखाली बसून बाटल्यांची झाकणं मांडत होती. घरात तिची तीच जागा.

खरं सांगायचं तर नेस्तानला इथलं काहीच चालत नव्हतं. कुताइसीला चर्चमध्ये ती गाण्यात पुढे असायची. इथे आल्यापासून तिने साधं गुणगुणलंही नव्हतं. शाळा सुटल्यावर तेक्ले टेबलाखाली खेळत असली की स्वयंपाकघरात नळ सोडून ती बहिणीला फोन लावायची आणि रडायची. "पोरीचं निमित्त तरी आहे, लिआ," ती म्हणायची. "नाहीतर मी कोणत्या तोंडाने त्याला परत चल म्हणू?" फोन ठेवला की तिला स्वतःचीच लाज वाटायची.

पण पोरीची काळजीही खोटी नव्हती. डिसेंबर सरता सरता जन्मलेली तेक्ले वर्गात सगळ्यांत लहान, बाकीच्या पोरांपुढे इवलीशी दिसायची. पहिल्याच आठवड्यात ती शाळेच्या संडासात कडी लावून बसली होती, शेवटी शिपायाला दार उचकटावं लागलं. फाटकापाशी बाई नेस्तानला गाठून हसत हसत बरंच काही सांगायच्या, अंगठाही वर करायच्या.

"काय म्हणाल्या बाई?"

"कळलं नाही," तेक्ले म्हणायची.

या बाया सगळ्यांनाच अंगठा वर करतात, असं म्हणून नेस्तानने ते सोडून दिलं होतं.

झाझाने पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि एकदम हसला. "आज गोदीत राजाचा केक कापला. आत चिनी मातीची एवढीशी बाहुली असते, ती ज्याच्या तुकड्यात निघेल तो राजा. लबाडी नको म्हणून सगळ्यांत लहान असेल त्याने टेबलाखाली बसून सांगायचं, कुठला तुकडा कोणाला. आमच्यात लहान कोण, तर तो दाढीवाला योआन! तो रेडा टेबलाखाली शिरला खरा, पण बाहेर निघेचना!"

टेबलाखालून तेक्ले खिदळली. किती दिवसांनी हसली पोर, असं वाटून नेस्तानला भरून आलं.

शुक्रवारी शाळेत पालकांना बोलावलं होतं. आज पोरीचे हाल डोळ्यांनी बघायचे आणि घरी गेल्यावर झाझाला सांगायचं, परत जाऊ, असं नेस्तानने ठरवलं होतं. ठरवल्यापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. ती उगाच धक्क्यावर दोन फेऱ्या मारून आली आणि शाळेत पोचायला तिला उशीर झाला.

तेक्लेचा कोट खुंटीवर होता. वर्गात लांब टेबलाभोवती पोरं आणि आईबाप दाटीवाटीने उभे होते. तेक्ले त्यांत नव्हती.

नेस्तानला तो पहिला आठवडा आठवला. ती तडक संडासाकडे धावली, एकेक दार ढकलून पाहिलं. "तेक्ले! आई! अगं, मी आलेय." सगळी दारं उघडी होती आणि आत कोणी नव्हतं.

धापा टाकत ती वर्गात परतली. बाईंनी ओठांवर बोट ठेवून तिला जवळ बोलावलं. टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारा कागद अंथरला होता. बाईंनी सुरी केकच्या एका तुकड्यावर टेकवली आणि खालून एक खणखणीत आवाज कोणाचं तरी नाव ओरडला. पोरं खो खो हसली. पुढचं नाव त्या आवाजाने बाईंसारखंच हेल काढून घेतलं, वर आणखी काहीतरी जोडलं, तशा बाई स्वतःच डोळे पुसत हसायला लागल्या.

नेस्तानला शब्द कळत नव्हते. पण वर्ग मुठीत ठेवणारी जीभ ओळखायला भाषा लागत नाही. काय पोर आहे, तिच्या मनात आलं, नशीबवान हिची आई. तिला हेवा वाटला आणि डोळ्यांत पाणीच आलं. आपली पोर कुठल्या कोपऱ्यात तोंड लपवून बसलीय, या विचाराने ती पुन्हा दाराकडे वळली.

शेवटचा तुकडा वाटून झाला. टाळ्या पडल्या, बाईंनी कागद वर उचलला आणि गुडघ्यांवर रांगत, लालबुंद तोंडाने हसत तेक्ले बाहेर आली.

समोर आई दिसली आणि तिचं हसू गेलं. ती गर्दीतून वाट काढत नेस्तानजवळ आली, बाही ओढून तिला खाली वाकवलं आणि कानाशी तोंड नेलं.

"बाबांना नको ना सांगू. मग तुला कुताइसीला परत नाही जाता येणार."