पाच ते सातचा गोंगाट

"आज निकाल लावूनच या." साहेबांनी तक्रारीचा कागद हवालदाराच्या पुढ्यात टाकला. "त्या आजीच्या घरात बसा आणि स्वतःच्या कानांनी ऐका. गोंगाट खरा असेल तर उद्यापासून मैदानाला कुलूप. नसेल तर तक्रार मागे घेतल्याचं तिच्याकडून लिहून आणा. रोज एक माणूस तिथे अडकवून ठेवणं मला परवडत नाही."

हवालदारानं कागद उचलला. मजकूर त्याला पाठ होता. 'रोज संध्याकाळी पाच ते सात या वेळात मुली चेंडू आपटतात, किंचाळतात, डोकं उठतं. माणूस पाठवावा.' लेखी तक्रार आली की त्याच दिवशी माणसानं जागेवर जायचं, हा चौकीचा नियम. आजी वर्षभर रोज सकाळी तीन जिने उतरून चौकीत येई, कागद देई, पोच घेई आणि निघून जाई. फोन करत जा म्हटलं तर म्हणे, फोनचा काय भरवसा! गेल्या महिन्यात मुली सामन्यासाठी परगावी गेल्या होत्या, मैदान ओस पडलं होतं, तरी तक्रार आलीच. त्या दिवशी चौकीत सगळे पोट धरधरून हसले.

हवालदाराला मात्र हसू येत नव्हतं. त्यानं ते मैदान आधी पाहिलं होतं. चारी बाजूंनी पाचमजली इमारती, मध्ये मोकळी जागा, आणि तिथे भर दुपारी गर्दच्या पुड्या विकणारे. आया लेकरांना जिन्यातच खेळवत, आणि जिन्यातल्या ओलीनं निम्म्यांच्या छातीत घरघर. शाळेतून येणारी मुलं मैदानाला लांबचा वळसा घालून घरी जात. एखादं वळसा घालायचा कंटाळा करी, आणि मग ते हातचं जाई. वर्षभरात पुड्यावाले हळूहळू पुलाखाली सरकले. त्याचं श्रेय नव्या कुंपणाला मिळालं. आता रोज संध्याकाळी वीसेक मुली तिथे घाम गाळत होत्या.

"काका, शिट्टी आणलीत ना?" मुलींची कप्तान धावत आली. ताडमाड उंच म्हणून तिला सगळे शिडी म्हणत. रोज यायचंच आहे तर नुसतं उभं काय राहायचं, म्हणून हवालदार त्यांचा पंच झाला होता.

"आज आजींकडे काम आहे. त्यांच्या खिडकीतून वाजवतो."

शिडीचा चेहरा उतरला. "कुलूप लावणार म्हणे. मग आम्ही जायचं कुठे?"

तिचा थोरला भाऊ पुड्यांपायीच तुरुंगात होता. हवालदार जिना चढला.

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. त्यानं दोनदा कडी वाजवली, खाकरून पाहिलं, शेवटी आत पाऊल टाकलं. खिडकीजवळ मेजाशी बसलेल्या आजीनं वर पाहिलं आणि ती दचकली.

"चोरासारखा काय येतोस रे!" ती जवळजवळ ओरडलीच. कापडगिरणीत बत्तीस वर्षं माग चालवलेल्या बाईचा आवाज, तो चढाच असणार.

भिंतीवर तिच्या नातीचा फोटो होता. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, ओठांवर दाबलेलं हसू. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी त्या पोरीला मैदानातून हवालदारानंच उचललं होतं. अंग थंड पडलं होतं, मुठीत पुडी. त्यामुळे आजीच्या तक्रारीचं मूळ त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं. आपली नात जिथे गेली तिथे दुसऱ्यांच्या मुली खिदळतात, हे कुणाला बघवेल? त्याला म्हातारीची कीव यायची, आणि रागही.

"आजी, एक विनंती होती," तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला.

"तोंडावरचा हात काढ आधी. आणि ती मिशी काप. निम्मे शब्द तिथेच अडकतात तुझे."

हवालदार ओशाळला. "तक्रार मागे घ्या. नाहीतर साहेब मैदान बंद करतील."

आजी त्याच्याकडे एकटक बघत राहिली. "बंद? कुलूप लावा म्हणून कधी लिहिलंय मी? माणूस पाठवा, एवढंच लिहिते."

"पण साहेब म्हणतात..."

"म्हणू देत. मी मरेपर्यंत लिहीन. पाच ते सात माणूस आलाच पाहिजे!" तिनं कोरा कागद ओढला, त्याच्याकडे पाठ केली आणि उद्याची तक्रार लिहायला घेतली.

हवालदाराचं डोकं फिरलं. "आजी, तुमची नात गेली त्याचं मलाही वाईट वाटतं," तो तिच्या पाठीमागून म्हणाला. "पण त्याची शिक्षा या पोरींना का?"

तिनं मान वळवली नाही, हूं की चूं केलं नाही. दगड आहे बाई, हवालदाराच्या मनात आलं.

"काका, शिट्टी!" खालून आरोळी आली.

तो तणतणत खिडकीशी गेला. तिच्या खुर्चीमागे उभा राहून सगळा राग फुप्फुसांत भरून त्यानं शिट्टी फुंकली. छपरावरची कबुतरं भर्रकन उडाली. शेजारचं तान्हं मूल टाहो फोडून रडू लागलं. समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या.

आजीचं पेन अडखळलं नाही. 'किंचाळतात, डोकं उठतं' एवढं लिहून ती शांतपणे पुढच्या ओळीवर गेली.

हवालदाराला ओस मैदानाबद्दल आलेली ती तक्रार आठवली, आणि पुलाखाली सरकलेले पुड्यावालेही. मग मेजाला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन बसला. दोन बोटांनी मिशी वर सारून, एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "साहेबांना सांगतो, गोंगाट भयंकर आहे. कुलपानं भागायचं नाही, रोज माणूसच लागेल. तुम्ही फक्त उद्याची तक्रार जरा कडक लिहा."