पडद्यामागची उमेदवार

"व्हायोला हा साक्षात देवाचा आवाज आहे," असं थोरा गिस्लासन वर्गात ठणकावून सांगायची. देवाला तिनं विचारलं नसावं. विनिपेगच्या श्रोत्यांना तर व्हायोलिनच्या या थोरल्या बहिणीचा आवाज व्हायोलिनचाच वाटायचा.

ती निवृत्त होत होती आणि वाद्यवृंदातल्या तिच्या खुर्चीसाठी आम्ही परीक्षा घेत होतो. त्या खुर्चीवरच्या तिच्या उशीला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. उमेदवार पडद्यामागे वाजवतात. चालीवरून बाई की बुवा ते कळू नये म्हणून बूटही काढून येतात. मी थोराच्या शेजारी बसलो होतो.

शेवटच्या उमेदवारानं वाजवण्याआधी श्वास ओढला. थोरासारखाच, नाकातून, सुरीला धार लावल्यासारखा. मग सूर आला, तोही थोराचाच.

"ही चोरी आहे!" थोरा फणकारली. "माझ्याच कुठल्या तरी शिष्येनं उचललंय. मेलीनं माझा श्वाससुद्धा चोरला!"

"वाजवतेय मात्र छान," मी म्हणालो.

"छानच असणार! मी आहे ती!"

ऐकता ऐकता ती मांडीवर बोटांनी तेच सूर दाबत होती; संतापानं तिचं बोट घसरलं. त्यानंतर पडद्यामागचा सूर घसरला.

थोरानं मूठ आवळली. वादन थांबलं.

"बाहेर ये!" ती ओरडली. "माझ्या जागेवर बसायचंय ना? मग तोंड दाखव!"

उमेदवारानं बोलायचं नसतं. त्याचा निरोप व्यवस्थापक कॉलिन आणतो. तो पडद्याआडून आला. चेहरा पांढराफटक, थोराच्या तोंडाकडे बघेना.

"मॅडम, ती विचारतेय, जाताना तुमची उशी तेवढी खुर्चीवर राहू द्याल का?"