विद्यार्थी आवृत्ती

"हाच तो," वहिनी म्हणाली, आणि जुन्या संगणकांच्या दुकानात, वायरींच्या गुंत्यात कोपरापर्यंत हात घालून तिने एक खोका ओढून काढला. निळा रंग उडालेला, एक कोपरा चेपलेला. वर ठळक अक्षरांत ‘विद्यार्थी आवृत्ती’. शाळेतली मैत्रीण भर रस्त्यात भेटावी तसा वहिनीचा चेहरा फुलला. "चिमणे, संगणकावर ड्रॉइंग काढायला मी याच सॉफ्टवेअरवर शिकले गं. आतलं पुस्तकसुद्धा तेच आहे बघ."

चिमणी म्हणजे तिची धाकटी नणंद. नावावर जाऊ नका. जाडजूड फळी एकटीने खांद्यावर टाकणारी बाई, स्वतःचा फर्निचरचा कारखाना चालवत होती. तिला लाकडी जिन्याचं मोठं काम मिळत होतं आणि गिऱ्हाईकाची अट एकच होती, आज संध्याकाळी ड्रॉइंग हातात पाहिजे. नाहीतर तो दुसरीकडे जाणार होता. ड्रॉइंग वहिनी करेल, हे चिमणीने वहिनीला न विचारताच सांगून टाकलं होतं. वहिनीने हे काम सोडलं तेव्हा तिचा थोरला पाळण्यात होता. आता त्याला मिसरूड फुटलं होतं.

दुकानदाराने खोक्याची किंमत सांगितली.

"एवढ्या पैशांत संगणकपण येतो ना?" चिमणीने विचारलं.

"आता मिळत नाही हा माल, ताई."

"मिळत नाही, की कुणी मागत नाही?"

दुकानदार ओशाळला. त्याने पलीकडच्या टेबलाकडे बोट केलं. "त्या मशीनवर ड्रॉइंगचं एक नवं सॉफ्टवेअर टाकलंय. कंपनी फारशी नावाजलेली नाही, पण काम सगळं होतं. याच्या पाव किमतीत मिळेल."

"नको नको," वहिनी घाईघाईने म्हणाली. "नवं मला काही जमायचं नाही. हेच घेऊ. पैसे मी घालते माझे."

"पैशाचं सोड. आधी चालतंय का ते तरी बघू."

खोक्यातली सीडी दुकानातल्या जुन्या मशीनने कुरकुरत का होईना, वाचली. पडद्यावर ड्रॉइंगचं ओळखीचं काळं पान उघडलं आणि वहिनीने माऊस हातात घेतला. पहिल्या चार पायऱ्या तिने बघता बघता काढल्या. "छापा," ती दुकानदाराला म्हणाली, आणि कागद बाहेर पडायच्या आधीच त्याचं टोक धरून उभी राहिली.

पायऱ्या झकास आल्या होत्या. पण कागदाच्या चारही कडांना एकच ओळ छापून आली होती: विद्यार्थी आवृत्ती. फक्त शिकण्यासाठी.

"हे काय?" चिमणी म्हणाली.

"हे असतंच," वहिनी म्हणाली, आणि मग तिने ते नीट बघितलं. शिकत असताना वर्गातल्या प्रत्येकाच्या कागदावर ही ओळ असायची, त्यामुळे ती कुणाला दिसायचीच नाही. आज तिला ती गिऱ्हाईकाच्या डोळ्यांनी दिसली. तिचा चेहरा उतरला. "शिकण्यासाठी दिलेल्यावर धंदा करायचा नसतो गं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"गिऱ्हाईक म्हणेल, आधी शिकून या, मग जिना करा." चिमणी एरवी स्वतःच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसायची. आता तिलाही हसू आलं नाही. तिने पलीकडची खुर्ची ओढली. "बस इथे."

वहिनी बसली ती फक्त नाही म्हणायला. पडद्याचा रंग वेगळा, चित्रं वेगळी, सगळंच परकं. "बघ, यातलं एक चित्र ओळखता येत असेल तर शपथ. मी म्हटलं होतं ना तुला..."

बोलता बोलता उजवा हात माऊसवर गेला आणि डावा हात कीबोर्डवर. डाव्या हाताने तिला न विचारताच एक अक्षर दाबलं. बाणाच्या टोकाला रेघ चिकटून आली.

वहिनी पडद्याकडे वाकली. तिने दुसरं अक्षर दाबलं. गोल आला. तिसरं दाबलं, तर रेघेचं वाढीव शेपूट कापलं गेलं.

"अगं," ती म्हणाली. "अक्षरं तीच आहेत."

"कसली अक्षरं?"

"डाव्या हाताची. रेघेचं, गोलाचं, कापायचं. चित्रांवर टिचकी मारली की आमचे सर ओरडायचे. मी चित्रं बघतच नव्हते गं कधी." ती मोठ्याने हसली. "मापं सांग."

चिमणी मापं सांगू लागली. आधी सावकाश, मग भराभर, आणि थोड्या वेळाने चिमणीलाच धाप लागली.

"पुढचं," वहिनी म्हणाली. "कठडा कुठे संपवायचा?"

"ते अजून ठरलं नाही."

"मग ठरव लवकर. मी वळणावर पोचले."

"कुणाला दरडावतेस गं?" चिमणी म्हणाली, पण तिला आनंद लपवता येत नव्हता. दुकानदार दारात आलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाईकाला "जरा थांबा" म्हणून यांच्या मागे येऊन उभा राहिला. थोड्या वेळाने तो दारातला माणूसही आत आला.

कागद बाहेर आला. वहिनीने जिन्याकडे बघितलंच नाही. तिने चारही कडांवरून बोट फिरवलं. कडा कोऱ्या होत्या.

चिमणी नव्या सॉफ्टवेअरचे पैसे देत असताना दुकानदाराने निळा खोका उचलला. "मग हा नको ना, ताई?"

वहिनीने खोक्यावरची धूळ पदराने पुसली. "ठेवा. कुणी शिकणारं आलं तर त्याला द्या."

"ड्रॉइंगखाली सही कर," चिमणी म्हणाली. "कुणी काढलंय म्हणून विचारेल गिऱ्हाईक."

वहिनीने उजव्या हाताने सही केली. डाव्या हाताची बोटं टेबलावर अजून चालूच होती.