पाकोख कोरडं आहे

"ए मारिया, आधी देशावरून ऊठ," पहारेकरी कठड्यापलीकडून ओरडला.

तिचं नाव देमेत्रिया. पण ग्वातेमालाच्या राजधानीत हातमागाचा परकर नेसलेली कुठलीही आदिवासी बाई मारियाच असते. नावं लक्षात ठेवायचा त्रास वाचतो.

देमेत्रिया हलली नाही. बागेतल्या त्या भल्यामोठ्या सिमेंटच्या नकाशावर, नदीकाठच्या चिंचोळ्या पट्टीवर ती पाय दुमडून बसली होती. नकाशा तिच्या आजीच्या वेळचा. त्यात ज्वालामुखी आहेत, दोन्ही समुद्र आहेत, शेजारचा बेलीझ देशसुद्धा आपलाच म्हणून घातलेला आहे. सरकारचं मन एवढं मोठं.

तेवढ्यात परदेशी पाहुण्यांना घेऊन लिसेंसियादो उरीसार आले. धरणाच्या कचेरीतले बडे साहेब. बुडालेल्या गावाच्या बदल्यात देमेत्रियानं मागितलेली जमीन त्यांनी सकाळीच नाकारली होती.

"तू? इथं काय करतेस?"

"तुम्हीच म्हणालात ना, कुठं होतं तुझं पाकोख, दाखव. हे बघा. माझ्या बुडाखाली."

"अगं बाई, किती वेळा सांगू? तिथं गाव नव्हतंच. धरणाच्या आधीपासून ती जागा पाण्याखालीच होती. तुम्ही लोक कुठंही बसता आणि मग जमीन मागता."

एका पाहुण्यानं कॅमेरा काढला. साहेब लगेच हसले.

"साहेब, ओढून काढू का हिला?" पहारेकऱ्यानं हळूच विचारलं.

"फोटो होऊ दे."

"धरणाच्या वेळी शिपायांनी असंच उठवलं होतं," देमेत्रिया म्हणाली. "मी उठले. माझा नवरा नाही उठला. तो तिथंच राहिला, पाण्याखाली. आज मीही उठत नाही. काय करायचं ते करा."

साहेबांचे कान लाल झाले, हसू मात्र जागेवरच होतं. पाहुणे आले की नकाशातल्या नद्यांना पाणी सोडायची इथली रीतच आहे.

"नळ सोड रे," ते दातांतून म्हणाले. "सगळे. पुरते. बूड भिजलं की उठेल आपोआप."

पहारेकऱ्यानं चाव्या फिरवल्या. डोंगरांतून पाणी फुटलं. देमेत्रियानं दोन्ही तळवे सिमेंटवर घट्ट रोवले आणि डोळे मिटून घेतले. पाणी खळखळत खाली आलं, तिच्या गुडघ्याला न शिवता आपल्या पात्रातून मुकाट समुद्राकडे निघून गेलं. नकाशा करणाऱ्याला धरण ठाऊक नव्हतं. त्यानं नदी होती तिथं नदी खोदली होती आणि काठ होता तिथं काठ ठेवला होता.

देमेत्रियानं डोळे उघडले. परकराची कड चाचपून पाहिली.

"पाकोख कोरडं आहे, साहेब," ती म्हणाली. "पाहुण्यांना म्हणावं, हात लावून बघा."