बारावं नाव

मथुराबाईंनी दगडावरची नावं पुन्हा मोजली. अकराच. त्या दिवशी मेल्या होत्या बारा जणी. बारावी शकू.

एकाहत्तरच्या लढाईत इथे दारूगोळ्याचा कारखाना चालायचा. मथुराबाई फाटकावर बायकांची झडती घ्यायच्या. आत धातूचं काही न्यायचं नाही. केसांचे आकडे, जोडवी, मंगळसूत्र, सगळं काढून फाटकाजवळच्या फळीवर आपापल्या जेवणाच्या डब्यात ठेवायचं. एका ठिणगीचं काम होतं. मथुराबाई नारायण पेठेतल्या, नियमाला पक्क्या. सख्ख्या बहिणीलाही त्यांनी सोडलं नसतं.

फक्त एकदा सोडलं. शकूचा नवरा, संपत, सीमेवर होता. आठ दिवस पत्र नव्हतं. "आज मंगळसूत्र नका हो काढायला लावू," म्हणून ती भर रांगेत रडली. मथुराबाई स्वतः विधवा. त्यांचा हात थांबला. तासाभरात शेड उडाली.

शकूची रडारड सगळ्या रांगेने पाहिली होती, त्यामुळे चौकशीत साहेबांनी नेमकं तेच विचारलं. मथुराबाईंच्या घरी दोन लेकरं आणि मिळवणारं माणूस एक. "मी काढायला लावलं होतं," त्या म्हणाल्या. "तिनेच लपवून नेलं असेल." मेलेलं माणूस उलट बोलत नाही. सगळा दोष शकूवर गेला आणि दगडावर तिचं नाव आलं नाही. मथुराबाईंची नोकरी राहिली. सुखाची झोप मात्र त्यांना पुन्हा लागली नाही.

आज तीस वर्षांनी त्यांनी संपतला मुद्दाम इथे बोलावलं होतं. तो मार्केट यार्डातून परस्पर आला होता, हातात कापडी पिशवी. मथुराबाईंनी एका दमात सांगून टाकलं.

"संपतराव, मीच तिला तशी आत जाऊ दिली. बारा जीव माझ्यामुळे गेले आणि बोल तिला लागला. साहेबांना मी लिहून देते. उद्याच देते."

संपत रागावला नाही. त्याने पिशवीतून एक चेपलेला डबा काढला आणि झाकण उघडलं. आत फडक्यात मंगळसूत्र होतं.

"फळीवरला डबा हाय. तिच्या सामानासंगं घरी आला. म्या साहेबाला दावला. साहेब म्हनला, मागनं तुमीच घातलं असंल. फाटकावरच्या बाईची साक्ष लेखी हाय."

म्हणजे ठिणगी शकूची नव्हतीच.

"पण मी तर तिला सोडलं होतं," मथुराबाई म्हणाल्या. "मग तिने काढलं कधी?"

"लगीच. चार पावलं गेली अन् माघारी आली. तुमी फुडच्या बाईची झडती घेत व्हता. सरू व्हती संगं, ती वाचली. तिनं सांगितलं." संपतने झाकण लावलं. "शकू म्हनली, कुनी बघितलं तर मथुराबाईंची नोकरी जाईल."